जात्यासकट ओवी: गावातले गाणे ध्वनिमुद्रित करताना आणि जपताना

भोर तालुक्यातल्या एका वाडीत शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, त्यांच्या वाडीत सत्तरी ओलांडलेल्या चार-पाच आजी अजून जात्यावरच्या ओव्या म्हणतात आणि त्यांचे थोडेफार रेकॉर्डिंग त्यांनी मोबाइलवर केलेही आहे. आता यापुढे कोणते यंत्र घ्यावे, झालेले रेकॉर्डिंग कसे जपावे आणि ते इंटरनेटवर ठेवावे की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. गेली सत्तावीस वर्षे मी पुणे, रायगड आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांत ओव्या, गोंधळ आणि धनगरी ओव्या यांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करतो, त्या आधारावर लिहितो.

बाई, यंत्राचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण त्याचे उत्तर मी थोडे पुढे देणार आहे. यंत्र साधे होते म्हणून वाया गेलेले ध्वनिमुद्रण मी फार थोडे पाहिले. गाणे गाणारीच्या कामापासून तुटले, तिच्या नावापासून तुटले, तिच्या संमतीपासून तुटले म्हणून निरुपयोगी झालेले मात्र कपाटेच्या कपाटे भरून पाहिले आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला या एकाच काळजीतून सुचतात.

१९९८च्या हिवाळ्यात वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीवर एका आजींना आम्ही पडवीत खुर्चीवर बसवले, समोर स्टँडवर मायक्रोफोन लावला आणि ओव्या म्हणायला सांगितले. त्यांनी दोन ओव्या म्हटल्या आणि तिसरीला त्या अडल्या. "वव्या लई हायेत, पर अशा रिकाम्या बसून येत न्हाईत," असे त्या म्हणाल्या. घरात गिरणीचे पीठ येऊ लागून पंधरा वर्षे झाली होती आणि जात्याची वरची तळी दाराबाहेर पायरी म्हणून पालथी पडली होती. सुनेने दोन्ही तळ्या धुऊन घेतल्या, नातवाने बाभळीचा नवा खुंटा तासून ठोकला, शेजारणीने शेरभर नाचणी आणली आणि ती स्वतःच आजींच्या समोर, खुंट्याला हात लावून बसली. पहिल्या दोन फेऱ्या नुसत्याच गेल्या. तिसऱ्या फेरीला आजींनी घास, म्हणजे मूठभर दाणे, जात्यात टाकला आणि ओवी सुरू झाली ती मला कॅसेट उलटवावी लागली तरी थांबली नाही.

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आपण सगळेच वापरतो. त्या दिवशी मी ती कानाने ऐकली. नंतर ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकताना लक्षात आले की, ओळीच्या मध्ये जिथे आजींचा सूर थांबतो तिथे त्यांचा डावा हात घास टाकायला गेलेला असतो, आणि 'बाई', 'गं', 'सांगते तुला' असे जे शब्द कागदावर भरीचे वाटतात ते खुंटा स्वतःकडे ओढतानाच्या जोरावर येतात. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात आहे आणि तिचा श्वास दळणाऱ्या अंगात आहे. जाते काढून घेतले की शब्द उरतात, पण ते तसे का रचले गेले हे कळण्याची वाट बंद होते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, वाडीतले एक जाते शोधा, ते टाकवून (टाकीने दगड पुन्हा खरखरीत करून) घ्या, खुंटा बसवा आणि आजींना दळता दळता गाऊ द्या. जात्यात धान्य असलेच पाहिजे, कारण रिकाम्या जात्याचा दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज गाणारीच्या आवाजाला गिळून टाकतो. दोघींनी समोरासमोर बसावे; एक म्हणते आणि दुसरी ओळ उचलते, ही रीत एकटीच्या गाण्यात दिसत नाही. लग्नसराईत कुणाच्या घरी हळद दळायची असेल किंवा घाणा भरायचा असेल तर आधी निरोप ठेवा, कारण आता जाते खऱ्या कारणाने फिरते ते बहुतेक तेवढ्याच दिवशी.

मायक्रोफोन जमिनीवर ठेवू नका, जात्याची थरथर जमिनीतून थेट त्यात शिरते. घडी घातलेल्या गोधडीवर लहान स्टँड ठेवा, गाणारीच्या तोंडापासून दीड ते दोन फुटांवर आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यावर येणार नाही आणि जात्याची घरघर ऐकू येत राहील, पण शब्द झाकणार नाही. शब्द अगदीच बुडत असतील तर आजींचा दम खाऊन झाल्यावर त्याच ओव्या जात्याशिवाय एकदा सावकाश म्हणवून घ्या. ही दुसरी प्रत लिहिण्यासाठी, पहिली ऐकण्यासाठी. शेवटी कुणीही न बोलता एक मिनिट नुसत्या जात्याचा आवाज घ्या. हे मिनिट पुढे फार उपयोगी पडते.

आता यंत्र. झूम किंवा टॅसकॅम कंपनीचा हातात मावणारा, दोन मायक्रोफोन बसवलेला रेकॉर्डर तुमच्या कामाला पुरेसा आहे. तो डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणाऱ्या) फाइलवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर लावा आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेवा. ही सोय गाणारी थांबली की आवाज वाढवते आणि गाऊ लागली की दाबते, त्यामुळे जात्याची घरघर लाटेसारखी वर-खाली होते आणि ते नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाला यंत्रावरचा पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बघा. ओवीला हे सोपे आहे. गोंधळ करायला गेलात तर अवघड होते, कारण देवीदेवतांना आवतण देणारा सुरुवातीचा भाग तुणतुण्यावर हळू चालतो आणि मग संबळ असा कडाडतो की आधीची सगळी पातळी फाटते. तिथे आधी संबळवाल्याला पूर्ण जोराने वाजवायला सांगून त्यावर पातळी ठरवावी आणि यंत्र सहा-सात फूट मागे घ्यावे.

रेकॉर्डर घेणे आज शक्य नसेल तर मोबाइलवर चालू ठेवा, एकही दिवस थांबू नका. फक्त डब्ल्यूएव्ही फाइल करणारे ॲप घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि त्याच्या तळाशी असलेले मायक्रोफोनचे भोक हाताखाली झाकले जात नाही ना ते पाहा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेली प्रत जतनाची प्रत समजू नका, कारण फाइल लहान करताना आवाजातला बराच तपशील कायमचा गळतो. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.

पंखा आणि फ्रिज बंद करा, कारण त्यांची गुणगुण कानाला सवयीने ऐकू येत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ओळीखाली बसते. पत्र्याच्या घरात पावसात बसू नका. मात्र कोंबडा आरवला, गोठ्यातली म्हैस हंबरली, पोर रडले तर काम थांबवू नका आणि नंतर कापूनही टाकू नका. माझ्याकडे मुळशीतले एक रेकॉर्डिंग आहे, त्यात आजींच्या ओवीमागे लांबवर पिठाच्या गिरणीच्या इंजिनाची ठकठक ऐकू येते. ज्या गिरणीने जाते थांबवले तिचा आवाज आणि जात्यावरची ओवी एकाच फितीवर आहेत. हा पुरावा मी कोणत्याही शुद्ध आवाजासाठी सोडणार नाही.

नोंदीच्या बाबतीत मी जरा आग्रही होतो, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या अकरा कॅसेट माझ्याकडे अशा आहेत की त्यांच्या वेष्टनावर 'मावळ, स्त्रिया, २' एवढेच लिहिलेले आहे. आवाज स्वच्छ आहे, ओव्या उत्तम आहेत, आणि त्या कोणाच्या हे सांगता येत नाही. मी त्या गावांतून दोनदा फिरलो. तीन आवाज ओळखले गेले, बाकीच्या बायका त्यांच्या लेकींना परत करता आल्या नाहीत, याचे दुःख मला आजही आहे. म्हणून नोंद वहीत करालच, पण त्याआधी ती आवाजात करा. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्यांदा तारीख, गाव आणि वाडी तुम्ही बोला आणि मग आजींना स्वतःच्या तोंडाने नाव, माहेर, सासर, वय आणि ही ओवी कुणाकडून शिकली ते सांगू द्या. वही हरवते, फाइलचे नाव बदलते. फितीवरच बोललेले नाव गाण्याबरोबर राहते. माहेर विचारायला विसरू नका. ओवी बाईबरोबर लग्न होऊन येते, त्यामुळे भोरच्या वाडीतली ओवी कदाचित महाडकडची निघेल.

साने गुरुजींनी, आणि पुढे सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत, ओव्यांचे जे संग्रह केले त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी शब्द वाचवले. पण छापील पानावर चाल येत नाही, आणि बहुतेक ओव्यांखाली गाणारीचे नावही आले नाही. या बाबतीत पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी उभे केलेले काम मला आदर्श वाटते. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या गरीब बायकांच्या संघटनेतून १९८०च्या दशकात ते सुरू झाले. आधी ओव्या ऐकून लिहून घेतल्या गेल्या, आणि पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. एक लाखाहून अधिक ओव्या, तीन हजारांहून अधिक गायिका आणि हजाराहून अधिक गावे एवढा त्याचा पसारा आहे. आणि तो उपयोगी आहे तो प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव, गाव आणि विषय जोडलेला असल्यामुळे. २०१७ पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा संग्रह आवाज, मराठी शब्द आणि भाषांतरासह प्रसिद्ध करत आहे. तुमच्या आजींना त्यातले एखादे रेकॉर्डिंग आधी ऐकवा. दुसऱ्या बाईची ओवी ऐकली की आपली आठवते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

त्याच संग्रहातली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या त्या बाबासाहेबांवरच्या आहेत, आणि त्यांचा साठा फार समृद्ध आहे. गोळा करणारे केवळ गावठाणात थांबले असते आणि ओवी म्हणजे माहेर, भाऊराया आणि पंढरी एवढेच मनाशी धरून बसले असते, तर त्या ओव्या कुणाला ऐकूच आल्या नसत्या. तुम्ही शाळेत शिकवता, म्हणजे सगळ्या वस्त्यांतली मुले तुमच्या ओळखीची आहेत. बौद्धवाडीत, धनगरवाड्यावर, कातकरी वस्तीत जा. आणि 'ओव्या म्हणा' असे न म्हणता 'तुम्ही काय म्हणता' असे विचारा.

लिहून काढताना बोली सुधारू नका. 'व्हता' असेल तर 'होता' करू नका, 'पानी' असेल तर 'पाणी' करू नका. एकच ओवी दोन तऱ्हेने लिहावी असे माझे मत आहे: एकदा जशी बोलून सांगितली तशी सरळ दोन ओळींत, आणि एकदा जशी गायली तशी, अर्ध्या ओळींची पुनरुक्ती आणि मधले शब्द यांसह. दोन्हींमध्ये इतका फरक असतो की पहिल्यावरून दुसरीचा अंदाज येत नाही. चालीला बायका पुष्कळ ठिकाणी 'गळा' म्हणतात. त्यांना 'याच गळ्यावर आणखी कोणती ओवी जाते' असे विचारा, म्हणजे तुम्हाला चालींची विभागणी त्यांच्याच पद्धतीने मिळेल.

इंटरनेटवर ठेवावे का, याचे उत्तर तुम्ही किंवा मी द्यायचे नाही. ते आजींनी द्यायचे, आणि 'हो' हा एकच शब्द पुरेसा नाही. मी तीन वेगळे प्रश्न विचारतो आणि उत्तरे फितीवर घेतो: हे जपून ठेवू का, गावात ऐकवू का, आणि जगात कुणालाही कुठेही ऐकता येईल असे ठेवू का. तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ समजावण्यासाठी मी मोबाइलवर दुसऱ्या गावच्या बाईची ओवी वाजवून दाखवतो आणि म्हणतो, "मावशी, ही बाई मला ओळखत नाही, तुम्हालाही नाही, तसेच तुमचे कुणीही ऐकेल." पुष्कळ जणी तिथे थांबतात आणि काही ओव्या वगळायला सांगतात. सासूने केलेला छळ, नवऱ्याची मारझोड, मेलेले मूल, हे त्या पहाटेच्या अंधारात जात्याला सांगत होत्या. त्या ओव्या दिराच्या मोबाइलवर वाजाव्यात अशी त्यांची इच्छा नसते. अशा ओव्या वेगळ्या फोल्डरमध्ये, गाणारीने घातलेल्या अटीसह ठेवा आणि ती अट पाळा. आणि दोन वर्षांनी तिचे मन बदलले तर काढून टाका. गोंधळ आणि डाक (डाक हे वाद्य वाजवत देवाला आवाहन करणारे गाणे) यांच्या बाबतीत तर आधी विचारायचे ते हे की, पूजेशिवाय, नुसत्या रेकॉर्डिंगसाठी हे म्हणणे चालते का. नाही म्हणाले तर खऱ्या जागरणाच्या रात्री बोलावतील तेव्हा जावे.

कायदाही गाणारीच्या बाजूचा आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला, तो आता ५० वर्षांचा आहे; २०१२च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव लागावे हा हक्कही स्पष्ट झाला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्याच एका रेकॉर्डिंगमधला तुकडा एकदा एका जाहिरातीत पार्श्वसंगीत म्हणून वाजला. मी अभ्यासासाठी दिलेल्या प्रतीतून तो पुढे गेला होता. त्या मावशींच्या मुलाने मला फोन करून विचारले, "आईचा आवाज तुम्ही विकला का?" मी विकला नव्हता, पण प्रत देताना अट लिहून घेतली नव्हती, आणि तो दोष माझा होता. तेव्हापासून प्रत्येक प्रतीसोबत गाणारीचे नाव आणि तिच्या अटींचा कागद जातो. कागदाशिवाय प्रत जात नाही. मानधनाचेही बोलून टाकतो: बाईचा दिवस मोडतो, म्हणून त्या भागात शेतमजुरीचा जो रोज असेल तो द्यावा, आणि साडी-चोळी करायची असेल तर ती त्याशिवाय, मायेची म्हणून.

जपणुकीचे गणित अवघड नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा एका तासाच्या रेकॉर्डिंगला सुमारे १ जीबी जागा लागते, म्हणजे तुमच्या वाडीचे सगळे काम एका साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावेल. पण तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. शाळेच्या एकाच कपाटात तिन्ही ठेवल्या तर एका पावसाळ्यात तिन्ही जातील. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक असावा, आणि तोच क्रमांक वहीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, डिस्क जोडून फाइल उघडतात का ते पाहा आणि पाच-सहा वर्षांनी डिस्क बदला. मूळ फाइलवर कधीही काम करू नका, आवाज स्वच्छ करायचा तर प्रतीवर करा.

वाडीत कुणाकडे जुन्या कॅसेट निघाल्या तर त्या लगेच वाजवून पाहू नका. आधी कडेवरचे दोन छोटे चौकोन मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडे न्या. एरवी टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ करून फीत एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवावी, आणि मग पहिल्याच वाजवण्याला संगणकावर घ्यावी, कारण काही फिती एकदाच नीट वाजतात. पुढे हा संग्रह एखाद्या संस्थेत ठेवावा असे वाटले तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताचे, १९८२ साली स्थापन झालेले जे संग्रहकेंद्र आहे, तिथे संग्राहकाच्या अटी पाळून ठेवी स्वीकारल्या जातात. तरीही एक प्रत वाडीत राहिलीच पाहिजे.

ती वाडीतली प्रत ऐकवण्याची वेळही ठरवून ठेवा. मी साधा स्पीकर घेऊन परत जातो आणि देवळासमोर किंवा कुणाच्या ओटीवर बसून वाजवतो. वेल्ह्याच्या त्या आजी गेल्यावर त्यांची लेक ऐकायला आली होती. एका ओवीला तिने हात वर करून थांबवले आणि म्हणाली, "ही आईची न्हाई, ही माझ्या मावशीची, आई ती मावशीच्या आठवणीनं म्हणायची." ती माहिती वीस वर्षे माझ्या नोंदीत नव्हती. आता त्या ओवीसमोर दोन नावे आहेत.

तुम्ही लिहिले आहे की सुरुवात मे महिन्याच्या सुट्टीत करणार. शक्य असेल तर या रविवारीच एका आजींकडे जा, सकाळी, ऊन चढायच्या आत. जाते बसवलेले नसेल तर खुंटा तरी ठोकून ठेवा. दळण ताकदीचे काम आहे आणि त्यांचे वय झाले आहे, तेव्हा पहिल्या दिवशी वीस मिनिटांवर थांबा, समोर बसायला त्यांच्या जुन्या सोबतिणीला बोलवा, आणि निघताना दळलेले पीठ त्यांच्याच घरी राहील असे बघा.